जांभळ्या वायरीच्या शेवटी

कारखाना कॉलनी,
एप्रिलचा दुसरा आठवडा

प्रिय भावा,

फेब्रुवारीत तू रात्री पावणेबाराला फोन केलास आणि मी "नंतर बोलतो" म्हणून तोडला, त्याचा राग अजून धरून असशील तर धर. त्या क्षणी माझ्यासमोर ऊस टाकायची गव्हाण थांबलेली होती, ट्रॅक्टरांची रांग फाट्यापर्यंत गेली होती आणि चीफ इंजिनिअर साहेब माझ्या मागे हाताची घडी घालून उभे होते. काही बोलत नव्हते, तेच जास्त वाईट. आता हंगाम संपला. मिलचे रोलर काढून बाहेर ठेवलेत, बॉयलर थंड पडलाय, आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदाच घरातल्या पंख्याचा आवाज ऐकू येतोय.

तुझा प्रश्न मला पाठ आहे. तुमच्या पेपर मिलमध्ये एक ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा डबा) बदलला आणि तेव्हापासून बीएफचा, म्हणजे बस फॉल्टचा, लाल दिवा वायरीवरच्या भलत्याच स्टेशनांवर लागतो, बदललेला ड्राइव्ह मात्र साळसूद. तुझ्या फोनच्या वेळी मी नेमका त्याच आजाराशी झगडत होतो, म्हणून आधी माझं ऐकून घे.

आमच्या मिल हाउसला प्रोफिबस आहे, जुनीच: एका जांभळ्या वायरीवरून सगळ्या यंत्रांशी बोलणारी बस. जर्मनीत 1987 साली एकवीस कंपन्या आणि संस्थांनी मिळून या बसचं काम सुरू केलं, आणि तिच्या खालचं आरएस-485, म्हणजे तारेवरच्या सिग्नलचं मानक, तर 1983 चं. तुमच्याकडे नव्या लाइनला आता इथरनेट आलं असेल, पण आपल्या पट्ट्यात ही जांभळी वायर अजून वीस वर्षं तरी निघत नाही. (आई अजूनही विचारते, "साखर कारखान्यात कसली रे बस बंद पडते रोज?") ड्रॉइंगप्रमाणे 18 स्लेव्ह, म्हणजे हुकूम ऐकणारी स्टेशनं: केन कॅरियर आणि रेक कॅरियर (ऊस पुढे नेणारे), मिलचे ड्राइव्ह, रसाचे पंप, दोन रिमोट आय-ओ (लांबचे सिग्नल गोळा करणारे डबे). वेग 1.5 एमबीपीएस, सेकंदाला पंधरा लाख बिट.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात 11, 12 आणि 14 नंबरचे ड्राइव्ह रात्री एकदम बसवरून गळायला लागले. ड्राइव्हला मास्टरचा, म्हणजे हुकूम देणाऱ्या पीएलसी कंट्रोलरचा, आवाज आला नाही की तो ट्रिप होतो, मोटर थांबते. 11 म्हणजे केन कॅरियर. तो थांबला की उसाचा भुगा करणारा फायब्रायझर रिकामा फिरतो, मिल उपाशी, आणि मागे सगळं तुंबतं. चार-पाच मिनिटांत तिघेही आपोआप परत यायचे. पण कॅरियर पुन्हा सुरू करून मिल भरेस्तोवर अर्धा तास गेलेला.

आम्ही काय केलं असेल? तू केलंस तेच. 11 चं कम्युनिकेशन कार्ड बदललं, मग 12 चं. 14 चा कनेक्टर नवीन लावला. मग कुणीतरी म्हणालं, रात्रीच होतंय म्हणजे दव, ओलावा. पॅनलमध्ये साठ वॉटचे बल्ब लावले. मुंग्या निघाल्या, त्या झाडल्या. आमच्याकडे पॅनल उघडलं की मुंग्या असणारच, हवेतच गोडवा आहे. आठवडा असाच गेला. आणि सोमवारपासून तोच फॉल्ट दिवसाढवळ्या यायला लागला, रात्री एकदम शांत. दवाची थिअरी तिथेच मेली.

लॅपटॉप लावून बसलो होतो तासन्‌तास. त्यावर दिसायचं एवढंच की हे तिघे आजारी, बाकी पंधरा ठणठणीत. आणि इथंच आपण फसतो. दिवा ज्याच्या अंगावर लागतो त्याचाच दोष असं आपण धरून चालतो. बसवर तसं नसतं, गड्या. विहिरीत तोंड घालून ओरडलास की आवाज तळाशी आपटून परत येतो आणि तुझ्या पुढच्या शब्दावर आदळतो. वायरीचं टोक मोकळं राहिलं की सिग्नलचं तेच होतं. म्हणून दोन्ही टोकांना टर्मिनेशन लागतं, प्रतिध्वनी गिळणारे रेझिस्टर. 1.5 एमबीपीएसला एक बिट पाऊण मायक्रोसेकंदही टिकत नाही, आणि 240 मीटर वायर जाऊन परत यायला सिग्नलला अडीच मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे प्रतिध्वनी तीन-चार बिट पुढे जाऊन कुणाच्या तरी डोक्यात बसतो. कुणाच्या, ते अंतरावर आणि त्या कार्डाच्या सहनशक्तीवर. तो बिचारा ओरडतो, दिवा त्याच्या अंगावर लागतो.

हे सगळं डिप्लोमाला शिकलो होतो आपण. आठवायला अकरा दिवस लागले.

अकराव्या दिवशी लॅपटॉप मिटला, बॅटरी घेतली आणि पीएलसीपासून वायरीचा माग काढत चालत निघालो. प्रत्येक पॅनल उघडायचं, कनेक्टरवरचा टर्मिनेशनचा छोटा स्विच बघायचा, वहीत लिहायचं. 17, ऑफ. 18, शेवटचं स्टेशन, इथे ऑन पाहिजे. ऑफ होता! आणि कनेक्टरमधून एक नव्हे, दोन जांभळ्या वायरी निघत होत्या. दुसरी भिंतीतल्या भोकातून पलीकडे, चुन्याच्या टाकीमागे गेलेली. मी भोकाला डोळा लावून उभा, आणि मागून हेल्पर विचारतोय, "काय हाय वो आत?"

पलीकडे होता एक जुना डिस्प्ले. पूर्वी रसाचा फ्लो दाखवायचा. दोन हंगामांपूर्वी आम्हीच तो कॉन्फिगरेशनमधून काढून टाकला होता. लॅपटॉपच्या लेखी तो अस्तित्वातच नव्हता. पण वायर तिथपर्यंत जात होती आणि तिचं टर्मिनेशन त्याच्याच कनेक्टरमध्ये, स्विच ऑन. त्या टर्मिनेशनमध्ये नुसता रेझिस्टर नसतो, ते तुला ठाऊक आहे: मधे 220 ओहम, वर पाच व्होल्टकडे 390, खाली शून्याकडे 390. ते पाच व्होल्ट त्याच उपकरणातून येतात. उपकरण बंद म्हणजे टर्मिनेशन लुळं.

आणि त्याला सप्लाय भिंतीवरच्या साध्या सॉकेटमधून, अडॅप्टर लावून. सॉकेटमध्ये अडॅप्टर नव्हता. चार्जर होता. चार्जरला मोबाइल, मोबाइलवर भजन.

चुन्यावरचे मामा पलीकडे स्टुलावर बसले होते. मी अडॅप्टर हातात घेऊन विचारलं, तर म्हणाले, "तो डबा बंदच हाय न्हवं? तुमीच सांगितलं हुतं की, ह्याचा आता काय उपेग न्हाई." खरंच सांगितलं होतं. मीच. आणि मागच्या आठवड्यात मामांची रात्रपाळी होती, सोमवारपासून दिवसपाळी. फॉल्ट मामांच्या पाळीबरोबर फिरत होता, आणि आम्ही दवावर खापर फोडत होतो.

मामांना म्हटलं, थांबा, चार्जर काढू नका. ऑसिलोस्कोप आणला, वायरीच्या आतल्या लाल आणि हिरव्या तारेवर लावला. दोन टेलिग्रामांच्या (बसवरच्या निरोपांच्या) मधल्या शांततेत तिथे 1.1 व्होल्ट असायला हवेत. हिशेब सोपा: पाच व्होल्ट, एकूण हजार ओहम, त्यातले 220 मधे. मला दिसले निम्मेच, आणि चौकोनी लाटेच्या खांद्यावर करवतीसारखे दाते. अडॅप्टर लावला, लाट इस्त्री केल्यासारखी सपाट. मामा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "आता बरं दिसतंय." चीफ साहेबांना समजवायला मला याहून जास्त वेळ लागला.

आता प्रश्न पडेल की मामांनी चार्जर याआधी कधीच लावला नसेल का. लावला असणार. पण एक-दोन चुका बस सहन करते, तीन नाही. वायरीवर छापलेले मीटरचे आकडे जुळवले तर लांबी 240 मीटर निघाली, आणि 1.5 एमबीपीएसला मर्यादा 200. शिवाय जानेवारीत रेक कॅरियरची पॉवर केबल बदलताना कुणीतरी ती याच ट्रेमध्ये आपल्या वायरीला चिकटवून टाकली होती. तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा कोसळलं. आता शेपटी कापून टाकली, बस 18 वर संपते, आणि तिथे स्वतंत्र अ‍ॅक्टिव्ह टर्मिनेटर लावलाय, त्याला यूपीएसवरचे 24 व्होल्ट. कोणतंही स्टेशन बंद करा, टोक जिवंत राहतं. लांबी 190 वर आली, पण काठावर चालायची मला आता हौस उरली नाही. गाळप संपल्यावर वेग 500 केबीपीएसवर आणला, तिथे 400 मीटर चालतात. त्यासाठी सीपीयू, म्हणजे पीएलसीचा मेंदू, स्टॉपला न्यावा लागतो, म्हणून हंगामात हात लावला नाही. स्लेव्ह बहुतेक वेग आपला आपण ओळखतात. कॅरियरला काही मिलिसेकंदांनी काय फरक पडतो? उसाला घाई नसते, घाई चेअरमनला असते.

आता तुझं. ड्राइव्ह बदलताना तुमच्या माणसाने कनेक्टरचा स्विच हलवला का, हे पहिलं बघ. मधल्या स्टेशनवर तो ऑन झाला की टर्मिनेशन लागतं आणि पुढची वायर तिथेच तुटते. पुढची सगळी स्टेशनं मेली तर हेच समज. पण तुझी मधूनमधून मरतात, म्हणजे माझा संशय वेगळा आहे. झाकण उघड आणि शिल्ड, म्हणजे तारांभोवतीची धातूची जाळी, बघ. पैज लावतो, शिल्ड सोलून पिळून तिची शेंडी करून एखाद्या स्क्रूखाली कोंबलेली असणार. ती जाळी पट्टीखाली सगळीकडून दाबली गेली पाहिजे. शेंडी ठेवली की व्हीएफडीचा (त्या ड्राइव्हचाच) विद्युत गोंधळ थेट आत येतो, आणि तिचा एखादा केस हिरव्या तारेला टेकला तर विचारूच नको. मी असा एक केस भिंगाने शोधलाय, तो किस्सा भेटल्यावर.

पुढच्या शटडाउनला मीटरने एक माप घे. सगळे कनेक्टर उपकरणांतून काढ, दोन्ही टोकांचे स्विच ऑन ठेव, एका टोकाला लाल-हिरव्यामध्ये ओहम बघ. 110 किंवा थोडं वर आलं तर ठीक, वरचे ओहम वायरीचे. 220 आलं तर एक टोक उघडं किंवा वायर मधे तुटलेली. शून्याजवळ आलं तर कुठेतरी चिकटलंय. लाल-हिरवा उलट जोडला असेल तर मात्र हे माप काहीच सांगणार नाही, तिथे डोळेच लागतात. आणि तुमच्याकडे त्याच पॅनलमध्ये मॉडबसचे (दुसऱ्या भाषेत बोलणारे) मीटर असतील तर तारांच्या ए आणि बी या अक्षरांवर विश्वास ठेवू नकोस. प्रोफिबसमध्ये हिरवा ए म्हणजे मायनस. काही कंपन्या नेमकं उलट छापतात.

प्रोग्रामचंही एक बघून ठेव. तुमचा सीपीयू सीमेन्सचा एस-सेव्हन-300 आहे म्हणालास. त्यात ओबी 86 चा ब्लॉक (स्लेव्ह गेला की चालणारा प्रोग्रामचा तुकडा) टाकलेला आहे का? नसेल तर एक स्लेव्ह गेला की अख्खा सीपीयू स्टॉपला जातो. आमच्याकडे ज्यांनी बसवलं त्यांनी टाकला नव्हता, आणि पहिल्या हंगामात एका कनेक्टरपायी अख्खी मिल उभी राहिली होती. रिकामा ब्लॉक टाकलास तरी चालेल.

मी आता एक वही ठेवलीय. दर सोमवारी दोन्ही टोकांचे व्होल्ट, कोणत्या स्टेशनला किती वेळा पुन्हा विचारावं लागलं ते आकडे, आणि ट्रेमध्ये कुणी नवीन केबल टाकली का. पहिल्या पानावर मी चालत जाऊन काढलेला नकाशा आहे. ड्रॉइंग कपाटात आहे, ते कपाटातच राहू दे.

मामांना चार्जिंगसाठी वेगळा बोर्ड लावून दिलाय, त्यावर खडूने "मामा" लिहिलंय. त्यांनी त्यात आता पंखाही लावलाय.

तू कनेक्टरांचे फोटो पाठव, झाकण उघडून. आणि मे महिन्यात ये, रोलर बाहेर आहेत तोवर मिल आतून बघायला मिळेल. गुऱ्हाळं बंद झालीत, पण तुझ्यासाठी गुळाची एक ढेप काढून ठेवलीय.

तुझाच,
रूम नंबर चौदावाला