विजेत्याच्या शेजारी मार्शललाही जागा द्या

महोदय,

फॉर्म्युला वनची शर्यत झाली की सोमवारच्या अंकात आपण निकाल, गुणतक्ता आणि शॅम्पेन उडवणाऱ्या विजेत्याचा फोटो छापता. मी तेवढंच पाहत आले होते आणि तेवढ्यावर समाधानीही होते. गेल्या सप्टेंबरात इटलीत फिरताना मोंझाची शर्यत शुक्रवारपासून रविवारपर्यंत पाहिली, कॅमेऱ्याने टिपली, आणि आता तो एकच फोटो मला अपुरा वाटतो. म्हणून हे पत्र, ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभं राहणाऱ्या आणि गाडी अडकली की मदतीला धावणाऱ्या मार्शल मंडळींसाठी.

शर्यतीला जाण्याची ही माझी पहिलीच वेळ. मिलानला भाचा राहतो, तिकिटं त्यानेच काढली. "मावशी, जायचं तर शुक्रवारपासून. रविवारी गर्दीत जागा सोडली की गेली," असं त्याने आधीच बजावलं होतं. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. शुक्रवारी सराव असतो, माणसं तुरळक असतात, या वळणावरून त्या वळणावर निवांत चालत जाता येतं. चालणं मात्र भरपूर. ५.७९३ किलोमीटरचा हा ट्रॅक एका जुन्या राजेशाही उद्यानाच्या आत आहे, दुतर्फा उंच झाडी. १९२२ साली तो बांधला, तेव्हा खास मोटार शर्यतींसाठी उभारलेले ब्रुकलंड्स आणि इंडियानापोलिस हे दोनच मोठे ट्रॅक जगात होते. जुन्या काळची तिरकी भिंतीसारखी वळणं अजून तिथेच उभी आहेत. फॉर्म्युला वनच्या गाड्या त्यांवरून शेवटच्या धावल्या त्या १९६१ मध्ये. आजचा ट्रॅक त्यातल्या एका वळणाच्या खालून जातो. पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं तर माणसालाही सरळ चढून जाणं अवघड वाटतं, आणि इथून गाड्या जात होत्या!

मला पक्ष्यांचे फोटो काढायची सवय आहे, त्यामुळे धावती वस्तू लेन्समध्ये धरून ठेवणं अगदीच नवं नव्हतं. पण पक्ष्यासाठी शटर जितकं वेगवान ठेवावं तितकं चांगलं, आणि इथे नेमकं उलटं. एक हजारांश सेकंदाला फोटो घेतला की ताशी तीनशेच्या वर धावणारी गाडी रस्त्याकडेला उभी करून ठेवल्यासारखी दिसते. चाकावरची अक्षरंसुद्धा वाचता येतात आणि वेग मात्र कुठेच दिसत नाही. शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर आणायचं, कमरेतून वळत कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा, बटण दाबल्यावरही फिरवणं थांबवायचं नाही. मग चाकं फिरताना दिसतात, मागच्या झाडांच्या रेघा होतात आणि चालकाचं हेल्मेट तेवढं लख्ख राहतं. बहुतेक फोटो हलतात, ते धरूनच चालायचं. सरळ पट्ट्यावर हे शिकायला जाऊ नये, तिथे गाडी दिसेपर्यंत निघून गेलेली असते. रोज्जियाच्या नागमोडी वळणाशी किंवा दोन लेस्मो वळणांशी उभं राहावं, तिथे ब्रेक लागतात आणि नजर ठरते. शिवाय फॉर्म्युला थ्री आणि पोर्शच्या गाड्यांच्या शर्यतीही त्याच दिवसांत असतात. त्यांचा वेग थोडा कमी, गाड्या एकमेकींना चिकटून, म्हणून हात बसवायला याहून चांगली संधी नाही. पोर्शचा आवाज तर फॉर्म्युला वनपेक्षाही कानात जास्त घुसतो. कानात बोळे हवेतच.

साध्या तिकिटावर फोटो काढणाऱ्याची खरी झुंज जाळीशी असते. ट्रॅक आणि प्रेक्षक यांच्यात उंच तारेची जाळी, आणि कॅमेरा फोकस करतो तो नेमका तारेवर. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र पूर्ण उघडायचं, जाळीवर ऊन नसलेली जागा शोधायची, की तारा विरघळून जातात. ऊन पडलेली जाळी मात्र फोटोभर पांढुरकं धुकं पसरवते. जवळच उभा असलेला एक तरुण जाळीवर सारखा चिडत होता. तेव्हा भाच्याने त्याला आणि मला १९६१ ची गोष्ट सांगितली. १० सप्टेंबर १९६१ ला याच मोंझात, पाराबोलिका वळणाकडे जाताना वोल्फगांग फॉन ट्रिप्सची गाडी जिम क्लार्कच्या गाडीला घासली आणि बांधावर चढून कडेच्या प्रेक्षकांत घुसली. फॉन ट्रिप्स आणि १५ प्रेक्षक गेले. त्यानंतर जाळीबद्दल तक्रार करायचं मनात आलं नाही.

शनिवारी सकाळी फॉर्म्युला थ्रीची एक गाडी दुसऱ्या लेस्मोच्या बाहेर खडीत रुतली. माझा कॅमेरा तिच्यावरच होता. चालक बाहेर पडायच्या आत नारिंगी कपड्यांतल्या मार्शलनी पिवळे झेंडे हलवायला सुरुवात केली होती. मग त्यांच्यातल्या एका पोक्त बाईंनी एक हात आडवा धरून बाकीच्यांना भिंतीमागेच थोपवलं. मान वळवून त्या येणाऱ्या गाड्यांकडे बघत होत्या, दुसरा हात कानातल्या रेडिओवर. गाड्यांचा घोळका गेला, इशारा झाला, आणि मग सगळे एकदम धावले. एकजण आग विझवण्याचं सिलिंडर घेऊन, दोघं चालकाकडे, बाकीचे गाडीला पट्टा अडकवायला. कुणीही कुणाला ओरडून काही सांगितलं नाही. काम होताच त्या बाई पुन्हा आपल्या जागी आल्या, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि झेंडा हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यांचा तो हात आडवा धरलेला फोटो माझ्याकडे आहे. त्या दिवसांतल्या माझ्या सगळ्या फोटोंत तो मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यानंतर मी गाड्यांइतकीच नजर झेंड्यांवर ठेवली. एक पिवळा हलला की पुढे धोका, वेग कमी करा, ओव्हरटेक करायचं नाही. दोन पिवळे हलले की थांबायचीही तयारी ठेवा. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा झालाय. निळा म्हणजे मागून एक फेरी पुढे असलेली गाडी येतेय, वाट द्या. हिरवा दिसला की धोका संपला. आता झेंड्यांच्या जोडीला दिव्यांचे फलकही आहेत, तरी माणूस लागतोच. ही भाषा कळली की टीव्हीवर बघतानाही शर्यत वेगळी दिसते. आपल्या क्रीडा पानावर शर्यतीच्या आदल्या दिवशी हे एका छोट्या चौकटीत सहज मावेल.

आणि ही माणसं काय पणाला लावतात तेही वाचकांना कळायला हवं. जगात बहुतेक ठिकाणी मार्शल हे हौसेने आलेले स्वयंसेवक असतात, आठवडाभर आपापली नोकरी करून आलेले. १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीला फ्रेडरिक यान्सन फान फ्यूरेन हा १९ वर्षांचा मार्शल आग विझवण्याचं सिलिंडर घेऊन ट्रॅक ओलांडत असताना टॉम प्राइसच्या गाडीखाली आला. ते सिलिंडर प्राइसच्या डोक्यावर आदळलं आणि दोघंही गेले. मोंझात १० सप्टेंबर २००० ला, पहिल्याच फेरीत रोज्जियाजवळ गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सुटून उडालेलं चाक लागून पाओलो जिस्लिम्बेर्ती हा अग्निशमनाच्या कामावरचा मार्शल मरण पावला. तो ३३ वर्षांचा होता. पुढच्याच मार्चमध्ये मेलबर्नला ग्रॅहम बेव्हरिज हे स्वयंसेवक मार्शल तसेच गेले. सुटलेलं चाक जाळीतल्या, मार्शलना ये-जा करायला ठेवलेल्या फटीतून आत आलं होतं. चाकं गाडीला दोरांनी बांधलेली असतात, ते दोर पुढे आणखी मजबूत करण्यात आले. आज मोंझाला जाणारा प्रेक्षक जाळीमागे निर्धास्त उभा राहून फोटो काढतो त्यामागे हे सगळं आहे.

रविवारचं विशेष सांगत नाही, ते आपण छापलंच होतं. शर्यत संपल्यावर लोक ट्रॅकवर शिरले आणि मुख्य पट्ट्याच्या वर झुकलेल्या त्या प्रसिद्ध व्यासपीठाखाली माणसांचा पूर आला. फोटोही सुंदर मिळाले. पण त्या गर्दीतून कडेकडेने झेंडे गुंडाळून परतणारे मार्शल जात होते आणि त्यांच्याकडे एकही कॅमेरा वळलेला नव्हता.

माझी विनंती एवढीच. पुढच्या मोसमात निदान एका सोमवारी विजेत्याच्या फोटोशेजारी त्या दिवशी कामावर असलेल्या मार्शलचा फोटो द्या आणि त्यांनी त्या शर्यतीत काय केलं ते चार ओळींत लिहा. वृत्तसंस्थांकडून येणाऱ्या फोटोंत तो बहुधा सापडेल, कारण गाडी बंद पडते तिथे मार्शल असतातच. न सापडल्यास लेस्मोचा माझा फोटो मी मोबदला न घेता पाठवीन.

आपली,
एक नियमित वाचक