सुहास, तिजोरी आधी बंद कर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या अ‍ॅनिमेशनपटाचा खर्डा वाचून संपवला आणि तिजोरीचा प्रसंग पुन्हा काढून वाचला. मंगळाभोवती फिरणाऱ्या स्थानकातून बियाण्याची पेटी पळवायची, ही कल्पना मला मनापासून आवडली. सोनं नाही, हिरे नाहीत, बी! चोरांबद्दल पहिल्याच पानावर आपुलकी वाटायला लागते. टोळीही झकास जमलीय. ती म्हातारी वेल्डर तर वाचून झाल्यावरही मनातून जात नाही. पण तिजोरी उघडते त्या क्षणी मला काहीच वाटलं नाही. असं का झालं ते फोनवर धड सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय.

दरोड्याच्या गोष्टीतला जुना अलिखित करार तुला ठाऊकच आहे. योजना प्रेक्षकाला आधी तपशीलवार सांगितली, तर ती फसणार. नुसती डोकी एकत्र आली आणि पुढचं दृश्य सुरू झालं, तर ती फत्ते होणार. एकदा ऐकलेलंच पुन्हा बघण्यात कुणाला रस? तू दुसरी वाट धरलीस. शेवटी सूत्रधार हसतो, मागची दृश्यं झरझर येतात आणि कळतं की पहारेकरी फितूर होता, पेटी आधीच बदलली होती आणि अटकसुद्धा ठरवून करून घेतली होती. इतक्या कलाटण्या, आणि एकीचीही चाहूल आधी नाही.

आता 'रिक अँड मॉर्टी' या अ‍ॅनिमेशन मालिकेच्या चौथ्या सीझनमधला तिसरा भाग पुन्हा बघ, नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेला. रिक हा शास्त्रज्ञ आजोबा, मॉर्टी त्याचा नातू. रिकला दरोड्याच्या गोष्टींचा तिटकारा आहे. तो अशा योजना आखणारा एक यंत्रमानव बनवतो आणि मग ते यंत्रच त्याच्या हाताबाहेर जातं. टोळीत येणारा प्रत्येक जण तेच एक ठरलेलं वाक्य म्हणून सामील होतो. पुढे रिक आणि यंत्र समोरासमोर येतात. 'हे माझ्याच योजनेत होतं', 'आणि ते माझ्या योजनेत होतं' असं चालूच राहतं. एकावर एक डाव चढत जातात आणि आपल्याला कशाचंच आश्चर्य वाटेनासं होतं. कोणतीही गोष्ट 'आधीच ठरलेली' निघू शकते म्हटल्यावर काही ठरलेलं असण्याला किंमतच उरत नाही. त्या भागात हे मुद्दाम केलंय, कारण त्यांना हा प्रकार मोडून दाखवायचा होता. तुला तो उभा करायचाय.

त्या भागाचा शेवट मला फार लागतो. मॉर्टीने दरोड्याच्या सिनेमाची पटकथा लिहिलेली असते, नेटफ्लिक्सच्या लोकांपुढे ती मांडायची संधीही आलेली असते. बोलता बोलता त्याचं मन उडतं आणि तो उठतो. आजोबाने सगळा खटाटोप त्यासाठीच केलेला असतो. म्हणजे खरा दरोडा पडला तो नातवाच्या हौसेवर. एवढ्या टिंगलीतही त्यांनी एक गोष्ट सोडली नाही: जे चोरायचं म्हणून सांगितलं, त्याहून वेगळं काहीतरी चोरीला गेलं पाहिजे. जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा पहिला चित्रपट, १९७९ सालचा 'द कॅसल ऑफ कॅग्लिओस्त्रो', त्यातही हेच आहे. सुरुवातीलाच त्यातला चोर, लुपँ, कॅसिनो लुटतो, नोटा खोट्या निघतात आणि तो त्या उधळून देतो. शेवटी तो नायिकेचं मन चोरून नेतो, ते तुला आठवत असेलच. तुझ्या गोष्टीत पेटी मिळते, पण आणखी कुणाचं काय जातं? मला वाटतं, त्या वेल्डरबाईचं काहीतरी जातंय. ते तू अजून लिहिलेलं नाहीस.

पण मुख्य मुद्दा तिजोरीचा. महाभारताच्या आदिपर्वातला गरुड आठव. आकाशातल्या दरोड्याची याहून नेटकी गोष्ट मला माहीत नाही. आई दास्यात आहे, नागांनी सुटकेची किंमत अमृत अशी सांगितली आहे. पहारा देवांचा. भोवती ज्वाळा. आत अखंड फिरणारं, धारदार पात्यांचं चक्र. त्याखाली दोन सर्प, पापणी न लवणारे, ज्याच्याकडे बघतील त्याची राख. गरुड पंखांनी धूळ उडवून देवांना आंधळं करतो, नद्यांचं पाणी आणून आग विझवतो, अंग आक्रसून चक्राच्या आऱ्यांमधून आत शिरतो, सर्पांच्या डोळ्यांत धूळ फेकतो. प्रत्येक अडथळ्याचा नियम आधी कळतो, तोड मग येते. सर्प बघून मारतात हे माहीत असतं, म्हणूनच मूठभर धूळ एवढी मोठी वाटते.

शेवट तर बघ. इंद्राशी झालेला सौदा आपल्यापासून लपवलेलाच नाही. गरुड कुंभ दर्भावर ठेवेल आणि इंद्र तो उचलून नेईल, हे आपल्याला आधीच सांगितलंय. तरी नाग स्नानाला जातात तेव्हा आपण श्वास रोखतो, कारण गुपित नागांपासून आहे, आपल्यापासून नाही. मग ते दर्भ चाटतात आणि त्यांच्या जिभा चिरतात. सुहास, मला नेमकं हेच सांगायचंय. कलाटणीच्या मागे लागू नकोस. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही, एवढा हिशेब चोख ठेव. निदान एका गुपितात तरी प्रेक्षकाला भागीदार कर.

अ‍ॅनिमेशनमध्ये हे जास्तच जपायला हवं. प्रत्यक्ष चित्रीकरणात भिंत ही भिंत असते, तिचा जडपणा फुकट मिळतो. चितारलेली भिंत तू सांगशील तेवढीच भक्कम. त्यात अंतराळ, म्हणजे 'यांच्याकडे तसं यंत्र होतं' म्हणायला रान मोकळं. तुझ्या तिजोरीला लेसर आहेत, जाड दार आहे, पण ती कशाने उघडत नाही हे कुठेच येत नाही. म्हणून ती उघडली तरी माझं काही गेलं नाही.

ज्यूल्स दासँचा १९५५ चा 'रिफिफी' तू पाहिलायस. जवाहिऱ्याच्या दुकानातली धोक्याची घंटा जराशा कंपानेही वाजते, हे ते चोर आधी तशीच घंटा आणून पडताळतात आणि त्यांच्याबरोबर आपणही शिकतो. मग जवळपास अर्धा तास संवाद नाही, संगीत नाही. छताला भोक पाडून त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात, ती उघडतात आणि पडणारा चुरा तिच्यात झेलतात. तुझ्याकडे तर पोकळी आहे, तिथे आवाज पोचतच नाही! स्थानकाच्या बाहेरचा सगळा भाग निःशब्द ठेवायचं धाडस कर. फक्त हेल्मेटच्या आतला श्वास.

आणि सूत्रधाराला पृथ्वीवर बसवून तू हातात हुकमाचा पत्ता घेतलायस, पण तो खेळलाच नाहीस. तो टोळीच्या कानात क्षणाक्षणाला सूचना देतो. ते शक्यच नाही. मंगळापर्यंत संदेश पोचायला, ग्रह कुठे आहेत त्यावर, साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, आणि उत्तराला तेवढीच पुन्हा. म्हणजे कानात बोलणारा सर्वज्ञ माणूस ही या प्रकारातली सगळ्यात वापरून गुळगुळीत झालेली सोय तुझ्या गोष्टीत आपोआप बाद होते. तो 'थांबा, पहारा बदललाय' म्हणेल तेव्हा पोरं आत जाऊन बराच वेळ झालेला असेल. प्रेक्षक त्याच्याबरोबर जुनी चित्रं बघतोय, आत काय झालं असेल याचा दोघांनाही पत्ता नाही. हा ताण जमिनीवरच्या कुठल्याच दरोड्यात मिळणार नाही.

पेटीचंही तसंच. तिला तिथे वजन नसेल, पण वस्तुमान आहेच. वेगाने ढकललेली पेटी तितक्याच जोराने थांबवावी लागते. ती भिंतीवर आदळून एखाद्याचा हात चेचला तर चालेल, पण ती पिसासारखी तरंगवू नकोस.

शेवटी पोलीस सगळ्यांना धरतात, तेही काढून टाक असं मला वाटतं. जुन्या अमेरिकी चित्रपटांत गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी असा आचारसंहितेचा दंडक होता. १९३४ पासून तो कडकपणे पाळला गेला आणि १९६८ मध्ये ती संहिताच गेली. तुझ्यावर तसं कसलं बंधन नाही. बी पेरलं जाऊ दे.

पुढचा खर्डा पूर्ण व्हायची वाट बघू नकोस. तिजोरीचं वर्णन आणि वेल्डरबाईचा प्रसंग, एवढी पानं झाली की लगेच पाठव. वहिनींना नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

तुझा,
नंदू