गाठ नसलेला स्तनाचा कर्करोग

महोदय,

स्तनाच्या कर्करोगाविषयी बोलताना 'गाठ तपासा' एवढेच सांगितले जाते. परंतु दाहक स्तनकर्करोग या दुर्मीळ आणि अतिशय वेगाने पसरणाऱ्या प्रकारात पुष्कळदा हाताला गाठ लागतच नाही. काही आठवड्यांतच स्तन लाल होतो, सुजतो आणि त्वचेवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसू लागतात. मॅमोग्राफीतही, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीतही, ठळक गाठीऐवजी, एरवी साधारण २ मिलिमीटरपर्यंत असणारी त्वचा जाड झालेली आणि स्तनाची घनता सर्वत्र वाढलेली दिसते. म्हणून दोन्ही स्तनांच्या प्रतिमा शेजारी ठेवूनच पाहाव्या लागतात. सोनोग्राफीत त्वचेखालच्या फुगलेल्या लसिकावाहिन्या (लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) आणि काखेतील लसिकाग्रंथींच्या गाठी कळतात, तर आत दडलेला मूळ रोग शोधण्यास एमआरआय अधिक उपयोगी पडतो. स्तनदाहातही, म्हणजे बहुधा जंतुसंसर्गामुळे स्तनाला येणाऱ्या सुजेतही, यांतील बरीच चिन्हे दिसतात, विशेषतः अंगावर पाजणाऱ्या मातांमध्ये, आणि तिथेच मोलाचा वेळ जातो. प्रतिजैविके घेऊनही आठवडा-दहा दिवसांत लाली ओसरली नाही, तर औषधे बदलून पाहत बसण्याऐवजी या तपासण्या आणि बायोप्सी (ऊतीचा लहान तुकडा काढून केलेली तपासणी) तातडीने करावी. अहवालात 'गाठ नाही' असे लिहिले आहे एवढ्यावर डॉक्टरांनी आणि कुटुंबीयांनी थांबू नये, ही कळकळीची विनंती.

— एक रेडिओलॉजिस्ट, सातारा