आई-बाबा, आधी बघा: फोन कोणी केला?

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, बँकेच्या, पोलिसांच्या नावानं येणाऱ्या फोन-मेसेजांबद्दल "खरं कुठलं आणि खोटं कुठलं, ओळखायचं कसं?" असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर ऐकून चिडाल, पण ओळखायला जाऊच नका. आवाज, लोगो, पोलिसाचा गणवेश, कोर्टाचा शिक्का, सगळं आता हुबेहूब बनवता येतं. भल्याभल्यांना त्यातलं कळत नाही.

पूर्वी बँकेच्या खिडकीशी आपण जायचो, खिडकी कधी चालत कोथरूडला आपल्या घरी आली नाही. इंटरनेटनं तीच खिडकी घरात आणून ठेवली. म्हणून आता एवढंच बघा, की सुरुवात कोणी केली. आपण होऊन ॲप उघडलं, पासबुकावरचा किंवा कार्डामागचा नंबर लावला, तर ते खरं काम. समोरून फोन, मेसेज किंवा लिंक आली, तर ती कितीही खरी वाटो, फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर आपण उलट लावायचा. खरं काम असेल तर ते दहा मिनिटांनीही खरंच राहतं.

आधी पैशांचं. यूपीआयचा पिन पैसे देताना आणि शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला कधीच लागत नाही. "परताव्यासाठी पिन टाका" म्हणणारा चोर, यात अपवाद नाही. माणसानं माणसाला यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोयही १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. मंडईत क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर जे नाव येतं ते भाजीवाल्याला मोठ्यानं वाचून दाखवा, मगच पिन. दुसऱ्याच कोणी स्वतःचा कागद वर चिकटवलेला असला तर तिथेच उघड होतं.

बाबा, पेन्शनचं खातं यूपीआयला जोडलेलं आहे ते काढून टाका. दुसरं साधं बचत खातं जोडा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरते दहा-पंधरा हजारच ठेवा. बँकेत गेलात की नेटबँकिंगची दिवसाची मर्यादाही कमी करून घ्या. फोनचा ताबा मिळालेला चोर शिलकीवर थांबत नाही. ऑनलाइन मुदत ठेव मोडून ती रक्कमही नेतो.

आता एपीके फाइल. आई, हे तुझ्यासाठी, कारण तुझ्या भिशीच्या ग्रुपवर काहीही फिरतं. 'आज रात्री वीज तोडली जाईल', 'गॅसचं बिल थकलंय', 'गाडीचं चलान', लग्नाची पत्रिका, अशा नावानं फाइल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असतं. पत्रिका असती तर फोटो किंवा पीडीएफ आली असती. एपीके म्हणजे आख्खं ॲप. ते बसताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की तुमचा ओटीपी तुमच्याआधी चोराकडे पोचतो. म्हणून "मी ओटीपी कोणालाच सांगितला नव्हता" हे अगदी खरं असूनही खातं रिकामं होतं.

यावर एकदाच करायचा बंदोबस्त आहे. सेटिंग्जमध्ये वरच्या शोधाच्या चौकटीत 'अनोळखी ॲप' किंवा 'अननोन ॲप्स' असं लिहा. यादी येईल. त्यात व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्स या तिन्हींसमोरची परवानगी बंद करा. मग चुकून बोट लागलं तरी ॲप बसणार नाही. आणि बसलंच, तर फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फायही बंद झालंय ना बघा. बाकी सगळं दुसऱ्या फोनवरून: बँकेला फोन, पिन-पासवर्ड बदलणं. तो फोन फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा, झाल्याशिवाय त्यावर बँकेचं ॲप उघडायचं नाही.

'डिजिटल अटक' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. सीबीआय, ईडी, कस्टम्स, मुंबई पोलीस, यातलं कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे 'सुरक्षित खात्यात' भरायला सांगत नाही. असे फोन करणारे चोर तासन् तास कॅमेऱ्यासमोर का बसवून ठेवतात, तर तुम्ही मधे कोणाशी बोलू नये म्हणून. "घरी कोणाला सांगितलंत तर त्यांनाही अटक होईल" हे वाक्य आलं की फोन बंद करून थेट शेजारच्यांची बेल वाजवा. लाज वाटायचं काही कारण नाही. शिकलेले, निवृत्त अधिकारीही यात सापडतात, कारण सरकारी कागदाचा त्यांना आदर असतो. बाबा, हे तुम्हालाच उद्देशून आहे.

दादाच्या किंवा माझ्या आवाजात रडत फोन आला, तरी हाच नियम. घरचा एक परवलीचा शब्द ठरवू. तो इथे लिहीत नाही, गणपतीला आले की सांगेन.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० वर, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. चोरलेली रक्कम काही मिनिटांत पाच-सात भाड्याच्या खात्यांतून पुढे सरकते. तक्रार लवकर पोचली तर वाटेत गोठवता येते, उद्या सकाळी केली तर बहुतेक नाही. जवळ ठेवायचं ते एवढं: रक्कम, वेळ, आपला खाते क्रमांक आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (यूपीआयचा असेल तर १२ आकडी). लगेच बँकेलाही कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये आणलेल्या नियमानुसार चूक बँकेची किंवा आपली नसून मधल्याच कुठल्या यंत्रणेची असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. पिन आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतरचं बँकेचं.

नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला मात्र घरूनच करा. इंटरनेटनं निवृत्तांचं केलेलं सगळ्यात भलं काम हेच, असं माझं मत. 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन्ही ॲप प्ले स्टोअरमध्ये स्वतः शोधून घ्यायची, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नाही. आधार, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक आणि बँक खातं समोर ठेवा. आधी ऑपरेटर म्हणून आईचा चेहरा, मग पेन्शनर म्हणून तुमचा. चष्मा काढा, खिडकीकडे तोंड करून बसा आणि पापण्या मिटून उघडा. पाठीमागे उजेड असला की चेहरा जुळत नाही. दाखला नाकारला जातो तो बहुधा पीपीओचा आकडा चुकल्यानं किंवा पेन्शन देणारी संस्था यादीतून चुकीची निवडल्यानं. म्हणून दाखल्याचा क्रमांक, म्हणजे प्रमाण आयडी, आला म्हणजे झालं असं समजू नका, दोन-चार दिवसांनी स्थिती तपासा.

औषधांबद्दल थोडंच. घरपोच आलेल्या पाकिटावर ब्रँडचं नाव नको वाचायला, त्याखालचं बारीक अक्षरातलं मूळ औषध आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडा. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर या वेगळ्या गोळ्या आहेत. एसआर हळूहळू विरघळणारी, ती तोडायची किंवा चावायची नाही. डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवायचं असेल तर आठवडाभराचं बीपी वहीत लिहून तिचा फोटो आधी पाठवा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीत, मिनिटभराच्या अंतरानं दोनदा. सहज उठून मोजलेल्या एका आकड्यावर गोळी वाढवून घेण्यात अर्थ नाही. झोपेच्या काही गोळ्या व्हिडिओवरून लिहून देताच येत नाहीत, मार्च २०२० चा नियम आहे. डॉक्टरांवर रुसू नकोस, आई. छातीत दुखणं, धाप, अचानक बोबडं बोलणं यासाठी व्हिडिओ नाही, रुग्णवाहिकेचा १०८.

राहिला तो राउटर. तो लोखंडी कपाटावर ठेवलाय, म्हणून आतल्या खोलीत रेंज नाही. बाहेरच्या खोलीत उघड्या फळीवर ठेवा आणि आतल्या खोलीत वाय-फायच्या यादीतलं २.४ गिगाहर्ट्झचं नाव निवडा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण भिंतीपुढे नांगी टाकतं. एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल असेल तर बंद-चालू करत बसू नका, फायबर तुटली किंवा निसटली आहे, कंपनीलाच कळवा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की नेट जातं, त्यासाठी बॅटरीवाला छोटा यूपीएस मिळतो. पण बऱ्याच राउटरना १२ व्होल्ट लागतात, काहींना ९. चुकीचा लावला तर राउटरच जळू शकतो. अडॅप्टरवर 'आउटपुट'पुढे व्होल्ट आणि ॲम्पिअर लिहिलेले आहेत, त्याचा फोटो काढून पाठवा. मग मागवते.

तुमची,
लेक