नॅन्सी हँक्सची टेकडी

प्रिय मित्रा,

त्या दिवशी फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून आज बसून लिहितोय. परवाच्या रविवारी आम्ही इंडियानापोलिसहून अडीच-तीन तास दक्षिणेला गेलो, अब्राहम लिंकनच्या आईची, नॅन्सी हँक्सची, कबर बघायला. शाळेच्या व्हरांड्यात लिंकनच्या नावाचं ते फ्रेम केलेलं पत्र होतं बघ, माझा लिंकन इतकी वर्षं तेवढाच होता. तो नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली, हे मला इकडे येऊनही बरीच वर्षं माहीत नव्हतं.

जागा अगदी छोटी आहे रे. झाडीतून थोडं चढून जायचं, वर नॅन्सीच्या कबरीभोवती लोखंडी कुंपण. एका कुटुंबाची आणि शेजारपाजारच्या चार घरांची माणसं जिथे पुरली ती टेकडी, बास. लिंकन मंडळी १८१६ च्या डिसेंबरात केंटकीहून इथे आली, इंडियाना राज्य झालं त्याच महिन्यात. लिटल पिजन क्रीक नावाच्या ओढ्याच्या भागात नुसतं जंगल होतं, झाडं तोडायची आणि मग शेत करायचं. वर्षभराने नॅन्सीची मावशी आणि काका, म्हणजे स्पॅरो नवराबायको, तिकडेच राहायला आले, नॅन्सीला लहानपणी सांभाळलेलं त्यांनीच.

आणि मग १८१८ ची ती शरद ऋतूची साथ. मिल्क सिकनेस म्हणतात तिला. उन्हाळ्याच्या शेवटी चांगलं गवत सुकलं की गाई जंगलाच्या कडेची व्हाइट स्नेकरूट नावाची झुडपं खायच्या, त्यातलं विष दुधात उतरायचं, जनावर थरथर कापायला लागायचं आणि ते दूध प्यायलेली माणसं ओकून ओकून काही दिवसांत जायची. विचार कर, घरात लेकराला द्यायचं ते दूध, आणि त्यातच विष. त्या वनस्पतीतलं ट्रेमेटॉल हे द्रव्य शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं ते थेट १९२० च्या दशकात, म्हणजे शंभर वर्षांनी! खरं तर इलिनॉयमधल्या ॲना बिक्स्बी नावाच्या एका वैदू बाईला ही वनस्पती एका शॉनी आदिवासी म्हातारीने फार आधीच दाखवली होती असं सांगतात, पण ते कुणी मनावरच घेतलं नाही. मला ह्याचा फार राग येतो.

त्या सप्टेंबरात आधी स्पॅरो मावशी-काका गेले. शेजारची ब्रूनर बाई आजारी पडली, तिच्या उशाशी नॅन्सी बसायची, ती पण गेली, आणि ५ ऑक्टोबरला नॅन्सी. वय ३४. अब्राहमचा बाप थॉमस लिंकन सुतार होता, शवपेट्या त्यानेच केल्या, आणि आईच्या पेटीच्या लाकडी मेखा छोट्या एबने तासल्या असं सांगतात. हे तिथे उभं राहून वाचलं आणि मला काकूंची आठवण आली, तू मडकं खांद्यावर घेऊन पुढे चालला होतास ती. तू तर चाळीशीचा होतास. नऊ वर्षांचं पोर ते, हातात चाकू घेऊन काय करत असेल रे?

आपल्याकडे तेरा दिवसांत सगळं उरकतं. इथे म्हणे केंटकीहून धर्मोपदेशक आला तोच काही महिन्यांनी, मग टेकडीवर प्रार्थना झाली.

कबरीवर टिकेल असा दगड नव्हताच. लिंकन १८३० ला इलिनॉयला गेला, १८४४ ला प्रचाराच्या निमित्ताने एकदा परत आला, आई आणि बहीण जिथे पुरल्या त्या जागेबद्दल त्याने नंतर कविता लिहिली, पण दगड काही बसला नाही. तो राष्ट्राध्यक्ष झाला, गोळी घालून मारला गेला, तरी नाही. १८७९ मध्ये साउथ बेंडच्या स्टुडबेकर गाडीवाल्या घराण्यातल्या पीटर स्टुडबेकरने पांढरा संगमरवर बसवला, स्वतःचं नाव न घालता, 'तिच्या हुतात्मा मुलाचा मित्र' एवढंच कोरून. वय मात्र त्यावर ३५ कोरलंय! मी तर मनातल्या मनात तिच्या जन्मापासून, फेब्रुवारी १७८४ पासून, मोजत बसलो.

पुढे सरकारने लक्ष घातलं, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड ज्युनियरने सगळ्या परिसराची आखणी केली, १९६२ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. छान ठेवलंय, पण मला सारखं वाटत होतं की सगळे एका दगडाशी फोटो काढतात, आणि ज्या बाईची सेवा करता करता नॅन्सी आजारी पडली तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. मी तिथे जरा जास्त वेळ उभा राहिलो. नॅन्सीच्या दगडावर लोकांनी लिंकनच्या चित्राच्या एक-एक सेंटच्या नाण्यांची रांग लावली होती, आमच्या धाकट्याने खिशातलं एक नाणं तिथे ठेवलं आणि मग दुसरं नाणं मागितलं, त्या ब्रूनर मावशीसाठी.

बहीण सारा राहिली बघायची. ती १८२८ ला बाळंतपणात गेली, थोड्या अंतरावरच्या चर्चच्या आवारात आहे. तू डिसेंबरात येतोयस ना, तेव्हा आपण दोघं जाऊ. जाडं जाकीट आण, तिथे वारा फार झोंबतो.

तुझाच