पोत्यावर छापा, आत मासळी किती

माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

उजनी जलाशयात माझे चिलापीचे पिंजरे आहेत. गेल्या हंगामात रत्नागिरीकडच्या एका बंदरावर गेलो होतो. बोटाएवढी तारली आणि बांगड्याची पिल्लं फावड्याने टेम्पोत भरत होते. कुठे चालली, विचारलं. ‘फिशमिलला,’ एवढंच उत्तर. फिशमिल म्हणजे मासळी वाळवून दळलेली भुकटी, ती माशांच्या खाद्यात घालतात. घरी आलो तर अंगणात खाद्याची पोती रचलेली. त्यावर प्रथिनं २८ टक्के, शिवाय स्निग्धांश, तंतू, ओलावा, सगळं छापलेलं. त्या २८ टक्क्यांत मासळी किती, याचा पत्ता नाही.

१ किलो फिशमिलला ४ ते साडेचार किलो ताजी मासळी लागते. २०२३ मध्ये सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी पकडीची किमान लांबी ठरवली. निर्णय चांगला आहे. पण पिल्लांना गिऱ्हाईक आहे तोवर ती जाळ्यात येतच राहणार, आणि ते गिऱ्हाईक नकळत आम्ही मत्स्यशेतकरीच आहोत. याचं मला फार वाईट वाटतं.

चिलापी, रोहू, कटला हे काही शिकारी मासे नव्हेत. पेंड आणि भाताचा कोंडा यांवर आपल्याकडे रोहू-कटला वाढत आलेच आहेत. नॉर्वेतला सालमन तर मांसाहारी. १९९० च्या सुमारास त्याच्या खाद्याचा जवळपास ९० टक्के भाग समुद्रातून यायचा, आता तो पाव हिश्श्याच्या आसपास आला आहे.

सोयापेंडीत ४५ टक्क्यांहून जास्त प्रथिनं असतात. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात त्याखाली माल विकावा लागला. इथेनॉल कारखान्यांत धान्याचा जो चोथा उरतो, त्या स्वस्त डीडीजीएसने पेंडीचं गिऱ्हाईक खाल्लं, हे त्यामागचं एक कारण. लातूरच्या शेतकऱ्याचा माल आमच्या पिंजऱ्यात आला तर दोघांचंही भलं आहे.

मात्र फिशमिल काढलं आणि पेंड ओतली, इतकं ते सोपं नाही. सोयात मेथिओनिन हे माशाला लागणारं अमिनो आम्ल कमी पडतं, ते वरून घालावं लागतं. पेंड नीट भाजली गेली नसेल तर त्यातले घटक प्रथिनांचं पचन अडवतात, आणि मासा खातो पण अंगाला लागत नाही. सोयातला बराच स्फुरद फायटेट नावाच्या घटकात अडकलेला असतो. तो माशाला पचत नाही, विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि जलपर्णीला खत होतो. उजनीत पुण्याकडचं सांडपाणी आधीच येतं, जलपर्णी आम्ही रोज उपसतो. म्हणून खाद्यात तो स्फुरद मोकळा करणारं फायटेज हे विकर हवंच. इथे काटकसर केली तर समुद्र वाचेल आणि धरण मरेल. रायगडच्या खारेपाटातला जिताडा किंवा कोळंबी यांना थोडं फिशमिल लागणारच, ते त्यांच्यासाठी राहू द्या.

साहेब, २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश किती ते छापलेलं असतं. तसं मत्स्यखाद्याच्या पोत्यावर फिशमिलचं प्रमाण छापणं बंधनकारक व्हावं, यासाठी आपण पुढाकार घ्या. चिलापी, रोहू, पंगसच्या प्रकल्पांना अनुदान देताना फिशमिलविरहित खाद्याला झुकतं माप द्या. आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेला विनंती करून उजनीवर एक पूर्ण हंगाम चाचणी घ्या. किती खाद्य गेलं, किती वजन आलं, पाण्यात स्फुरद किती वाढला, हा हिशेब मराठीत सगळ्यांसमोर ठेवा.

त्या चाचणीसाठी माझे २ पिंजरे मी रिकामे ठेवतो. बोटुकली कधी सोडायची, तेवढं कळवा.

आपला,
उजनीकाठचा एक मत्स्यशेतकरी