भातानंतरचा मका आणि पेरणीवेळची ओल

महोदय,

भातकापणीनंतर कोकणात वाल-कुळथाच्या जोडीने काही शेतकरी मका, विशेषतः मधुमका, घेतात. मात्र एवढ्या पावसाच्या मुलखात दुष्काळ कसला, या समजुतीने पेरणीवेळच्या ओलीकडे दुर्लक्ष होते. हा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या महिन्यांतच पडतो आणि पुढे जांभ्या मातीचा वरचा थर पाहता पाहता सुकतो.

मक्याच्या दाण्याला रुजण्यासाठी आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी शोषावे लागते. ते अपुरे मिळाले, तर दाणा फुगतो खरा, पण साठवलेल्या पिष्टाची (स्टार्चची) साखर करणारी विकरे (एन्झाइम) मंदावतात, उगवण लांबते आणि काही दाणे जागीच कुजतात. उगवलेल्या रोपातही कोंबाची वाढ मुळापेक्षा अधिक खुंटते. रोप उकरून पाहिल्यास मूळ खोल गेलेले, पाने मात्र आखूड आणि सुरळी झालेली दिसतात. मधुमक्याच्या सुरकुतलेल्या दाण्यात पिष्ट मुळातच कमी, त्यामुळे त्याला हा ताण अधिक जाचतो. अशा वेळी बियाणे विक्रेत्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे असते.

वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, चार-पाच सेंटिमीटर खोल पेरणी आणि रात्रभर भिजवून सावलीत सुकवलेले बी, एवढ्यानेही उगवण सुधारू शकते. (औषध चोळलेले रंगीत बी मात्र भिजवू नये.) कृषी विभागाने दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या मदतीने याची प्रात्यक्षिके भातकापणीपूर्वीच गावोगावी घ्यावीत, ही विनंती.

— एक शेतकरी वाचक, जि. रत्नागिरी